परिषदेतील माणसे बदलली, तर आपल्या नोंदणीचे काय होते?

प्रश्न विचारणाऱ्या ताई गडचिरोली जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना दाखल करून सावरणाऱ्या विभागात, सहा वर्षांपासून कंत्राटी आहारतज्ज्ञ म्हणून काम करतात. त्यांचे विचारणे असे आहे: ज्या व्यावसायिक संस्थेकडे त्यांनी नाव नोंदवले होते, तिचे पदाधिकारी बदलले, पत्रव्यवहाराचा पत्ता बदलला आणि नूतनीकरणासाठी पाठवलेल्या अर्जाला चार महिने उत्तर नाही. त्यातच आता राज्य परिषदेकडे कायद्याने नोंदणी करावी लागणार, असे त्यांच्या कानावर आले आहे. जुन्या नोंदणीला काही अर्थ उरतो का, पुन्हा शुल्क भरावे लागेल का, आणि नवे अध्यक्ष आले म्हणजे नियमही नवे येतात का? त्यांची धाकटी बहीण आहारशास्त्रात दूरस्थ पद्धतीने एम.एस्सी. करू इच्छिते, तिच्याबद्दलही त्यांनी शेवटी विचारले आहे.

ताई, मी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत 27 वर्षे हे काम करते आहे. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आपल्या व्यवसायात अनेक वर्षे जी नोंदणी चालत आली, ती मुख्यतः स्वेच्छेची होती. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना 1960 च्या दशकापासून काम करते आणि तिच्या परीक्षेतून मिळणाऱ्या ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ या दर्जाला रुग्णालये मान देतात. तो मान खरा आहे, त्यामागे अभ्यास आणि इंटर्नशिप आहे; परंतु संघटनेने दिलेला दर्जा आणि कायद्याने दिलेला व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डॉक्टरांना वैद्यक परिषद होती, परिचारिकांना परिचर्या परिषद होती, औषध विकणाऱ्यालाही फार्मसी परिषदेकडे जावे लागत होते. आहारतज्ज्ञाला मात्र कोणी विचारत नव्हते आणि म्हणून आहारतज्ज्ञ नसलेल्यालाही कोणी विचारत नव्हते.

हे चित्र कागदावर बदलले ते 2021 मध्ये. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, 2021 या कायद्याने दहा व्यवसायगट ठरवले आणि त्यांतला एक पूर्ण गट पोषणशास्त्राचा ठेवला. रुग्णालयातील क्लिनिकल डायटिशियन, भोजनसेवा पाहणारे आहारतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्यातील पोषणतज्ज्ञ आणि क्रीडापोषणतज्ज्ञ हे सारे त्या गटात येतात. दिल्लीला राष्ट्रीय आयोग, प्रत्येक राज्यात राज्य परिषद, परिषदेकडे राज्याची नोंदवही आणि आयोगाकडे देशाची नोंदवही, अशी ही रचना आहे. नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय करणाऱ्याला 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही कायद्यात आहे. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापाव्यात असे कायदा म्हणत होता, पण ते रेंगाळले. अखेर ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. म्हणजे तुमच्या कानावर आले ते खोटे नाही. मात्र ते तुमच्या जुन्या संस्थेच्या पदाधिकारी बदलण्याशी जोडलेले नाही. तिकडचे नवे अध्यक्ष तुमचा परवाना काढून घेऊ शकत नाहीत, कारण तो त्यांनी दिलेलाच नव्हता. आणि राज्य परिषदेचे अध्यक्ष तुमच्या जुन्या दर्जाचे नूतनीकरण करून देणार नाहीत, कारण तो त्यांचा विषय नाही.

आता नेतृत्व बदलण्याचा प्रश्न. कायद्याने बनलेली परिषद ही एक कायम राहणारी संस्था असते. अध्यक्षाची मुदत संपते, सदस्य बदलतात, कधी एखादी जागा वर्षभर रिकामी राहते, तरीही परिषद चालू असते आणि तिच्या नावाने झालेली नोंद तशीच टिकते. एखादी जागा रिकामी होती एवढ्याच कारणाने परिषदेचे काम अवैध ठरत नाही, असे कलम अशा जवळजवळ प्रत्येक कायद्यात घातलेले असते. नियमांचेही तसेच आहे. अध्यक्षाला मनात येईल तसा नियम बदलता येत नाही. विनियमाचा मसुदा, मंजुरी आणि राजपत्रात प्रसिद्धी असा त्याचा रस्ता ठरलेला असतो. म्हणून ‘नव्या साहेबांनी आता असे ठरवले आहे’ असे कोणी फोनवर सांगितले, तर राजपत्राची तारीख विचारावी. तारीख सांगता येत नसेल, तर तो नियम अजून झालेला नाही असे समजून आपले काम चालू ठेवावे.

मग काहीच बिघडत नाही का? बिघडते, आणि बहुधा अध्यक्षांच्या दालनात नव्हे तर कार्यालयात बिघडते. परिषदेचा रोजचा गाडा सचिव किंवा रजिस्ट्रार ओढत असतो; आपल्याकडच्या जुन्या परिषदांच्या कागदांत त्याला प्रबंधक म्हणतात. सह्यांचा अधिकार त्याचा असतो, शुल्काच्या पावत्या त्याच्या हाताखाली निघतात आणि अर्जांची आवक-जावक त्याच्या टेबलावरून होते. अध्यक्ष बदलला तर सत्कार होतो, बातमी येते. प्रबंधक बदलला तर बातमी येत नाही, पण जुन्या सहीचे अर्ज आणि नव्या सहीचे अर्ज यांच्यामधल्या फटीत शेकडो कागद पडून राहतात. नव्या माणसाला आधीची आवक नोंद तपासायला वेळ नसतो; ज्याच्याकडे पोच आहे त्याचे काम पुढे सरकते आणि ज्याच्याकडे नाही त्याला ‘नव्याने अर्ज करा’ असे सांगितले जाते.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेकडे मी नूतनीकरणाचा अर्ज साध्या टपालाने पाठवला, धनाकर्षासह (डिमांड ड्राफ्टसह). दरम्यान तिथले कार्यालय एका इमारतीतून दुसरीकडे हलले आणि सही करणारी व्यक्ती बदलली. अर्ज मिळालाच नाही, असे मला सात महिन्यांनी कळवले गेले. धनाकर्ष वटल्याचे बँकेचे पत्र मी मिळवले, तेव्हा अर्जही सापडला. त्या सात महिन्यांत एका रुग्णालयाने माझे सल्ल्याचे काम थांबवून ठेवले होते, कारण त्यांच्या तपासणीत माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसत होती. दोष कोणा एका माणसाचा नव्हता. कारभार हातातून हातात जाताना फाइलींची यादी करून दिली-घेतली गेली नव्हती, एवढेच घडले होते, आणि त्याची किंमत मुंबईच्या माणसापेक्षा आपल्यासारख्यांना जास्त पडते. मुंबईचा माणूस दुपारी जाऊन खिडकीवर उभा राहतो. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्यातील माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी यायला सुमारे 200 किलोमीटर कापावे लागतात, तेथून नागपूर आणि मग रात्रभराची गाडी.

म्हणून तुमच्या चार महिन्यांच्या मौनाबद्दल माझा सल्ला असा आहे. नव्याने अर्ज करू नका, शुल्क पुन्हा भरू नका. पहिल्या अर्जाची तारीख, शुल्क भरल्याचा व्यवहार क्रमांक आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी लिहून एक स्मरणपत्र नव्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच ईमेलनेही पाठवा. पत्र व्यक्तीच्या नावाने न लिहिता पदाच्या नावाने लिहा: ‘मा. सचिव’ किंवा ‘मा. प्रबंधक’. नावाने लिहिलेले पत्र माणूस बदलला की न उघडता पडून राहते, हे मी पाहिले आहे. संस्था कायद्याने स्थापन झालेली परिषद असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्जाची सद्यःस्थिती विचारता येते आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. खासगी संघटनेला हा कायदा सहसा लागू होत नाही. तिथे तिच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणीकडे किंवा सर्वसाधारण सभेपुढे दाद मागावी लागते, आणि ती मागण्यात संकोच करू नये. वर्गणी भरणाऱ्या सदस्याचा तो हक्क आहे.

राज्य परिषदेकडे नोंदणीची वेळ येईल तेव्हा मात्र कागदांची तयारी आजच करून ठेवा. आपल्या भागातील मुलींचे अर्ज सर्वांत जास्त अडकतात ते नावावरून. बी.एस्सी. होम सायन्सची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, पदव्युत्तर पदविका लग्नानंतरच्या नावाने, आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग, आणि नेमणुकीच्या आदेशात वडिलांच्या जागी पतीचे नाव, असे चार कागद चार बायकांचे वाटावेत असे असतात. प्रतिज्ञापत्र करून राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. आपले सरकार सेवा केंद्रावर चौकशी केली तर प्रक्रिया सांगतात. हे काम अर्ज परत आल्यावर करायला गेलो तर मुदत निघून जाते. दुसरी अडचण इंटर्नशिपच्या पत्राची. ज्या रुग्णालयात तुम्ही इंटर्नशिप केली तिथल्या आहारविभागप्रमुख निवृत्त झाल्या असतील, तर रुग्णालयाच्या प्रशासनाकडून तारखा आणि विभागांसह नवे पत्र आत्ताच घ्या. तिसरी गोष्ट कंत्राटी नेमणुकीची: दर अकरा महिन्यांनी मिळालेला प्रत्येक आदेश आणि रुजू अहवाल सांभाळा. कायदा येण्यापूर्वीपासून काम करणाऱ्यांना नोंदणीची वाट ठेवलेली आहे. तिथे तुमचा अनुभव मोजला जाईल तो तुमच्या आठवणीवर नव्हे, त्या आदेशांवर. तुमचे काम कायदा लागू झाल्याच्या तारखेच्या, म्हणजे 25 मे 2021 च्या, आधी सुरू झाले होते की नंतर, हे पहिल्या आदेशावरून नीट पाहून घ्या. नोंदणीच्या मुदती परिषदेच्या प्रत्यक्ष सूचनेतच वाचाव्यात, कोणाच्या निरोपावर विसंबू नये.

शिक्षणाच्या तासांचाही विचार करून ठेवा. कायदा ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणून ओळखतो तो किमान 3,600 तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली पदवी घेतलेल्या व्यक्तीला. ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणजे किमान 2,000 तासांची पदविका किंवा पदवी. विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाची प्रत मिळवून ठेवलीत, तर नंतर वाद पडत नाही. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठातील जुन्या बॅचच्या मुलींनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण अभ्यासक्रम बदलत गेले आणि जुना अभ्यासक्रम कोणता होता हे आता महाविद्यालयांनाही शोधावे लागते.

आता ज्या बदलाची आपण खरोखर काळजी करायला हवी, त्याकडे येते. अध्यक्ष कोण झाला यापेक्षा निर्णय कोणाच्या हाती राहिला, हे पाहायला हवे. अमेरिकेतील दोन राज्यांची उदाहरणे मला यासाठी उपयोगी वाटतात. टेक्सासमध्ये आहारतज्ज्ञांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ होते. 2015 च्या कायद्याने ते काम राज्याच्या परवाना विभागाकडे गेले, 2016 मध्ये प्रत्यक्ष हस्तांतर झाले आणि मंडळाच्या जागी सल्लागार मंडळ आले. ओहायोमध्ये आहारशास्त्राचे मंडळ 2018 च्या जानेवारीत बंद होऊन त्याचे काम राज्याच्या वैद्यक मंडळाकडे गेले. दोन्हीकडे आहारतज्ज्ञांचे परवाने गेले नाहीत. ते नव्या कार्यालयाकडून पुढे चालू राहिले. परंतु जिथे आहारतज्ज्ञ स्वतः निर्णय घेत होते, तिथे ते आता सल्ला देतात आणि निर्णय दुसरे घेतात. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. अभ्यासक्रमाचे तास, इंटर्नशिपची जागा, तक्रारीची चौकशी अशा वेळी तो जाणवतो.

आपल्या राज्य परिषदेची रचना या दृष्टीने वाचा. अध्यक्ष किमान 25 वर्षांचा अनुभव असलेला हवा; राज्याच्या वैद्यकीय सेवेतील एक, वैद्यकीय महाविद्यालयांचे दोन, धर्मादाय संस्थांचे दोन आणि प्रत्येक व्यवसायगटाचे दोन सदस्य, सारे राज्य सरकारने नेमायचे. दहा गट म्हणजे वीस जागा आणि त्यांत पोषणशास्त्राच्या दोन. महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत, त्यांतील 11 विदर्भात. दोन्ही जागा मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांकडे गेल्या, तर त्या व्यक्ती कितीही विद्वान असोत, धारणीच्या किंवा एटापल्लीच्या पोषण पुनर्वसन केंद्रात एकटी आहारतज्ज्ञ काय करते हे परिषदेत सांगणारे कोणी उरत नाही. विदर्भ महाराष्ट्रात येण्याच्या अटी ठरवणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून विदर्भ न्याय्य वाट्याबद्दल बोलत आला आहे. आपल्या व्यवसायाने इथे गप्प राहू नये, असे मला मनापासून वाटते. नेमणुका सरकार करते म्हणजे सरकारकडे नावे सुचवता येतात. विदर्भातील आहारतज्ज्ञांनी एकत्र येऊन, अनुभवाचा तपशील देऊन, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे लेखी प्रस्ताव पाठवावा. यात कोणाविरुद्ध काही नाही.

हे मी इतके ताणून का सांगते, त्याचे कारण तुमच्या केंद्रातच आहे. तीव्र कुपोषित मूल दाखल होते तेव्हा पहिल्या टप्प्यात आपण जे दूध देतो, त्यात 100 मिलीमागे 75 किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहूनही कमी प्रथिने असतात. मूल अशक्त आहे म्हणून पहिल्याच दिवशी भरपूर प्रथिने देणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे यकृत आणि मूत्रपिंड तो भार उचलू शकत नाहीत. हे आपण शिकलो. आठवडी बाजारात प्रथिनांच्या पावडरचे डबे विकणारा, छातीवर ‘न्यूट्रिशनिस्ट’ असा बिल्ला लावणारा मुलगा हे शिकलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात सुजलेल्या पायांच्या दोन वर्षांच्या मुलीला तिच्या आजीने, नातीच्या मायेपोटी, मजुरीचे पैसे घालून तसला डबा आठ दिवस पाजला होता. मुलगी वाचली, पण तिला सावरायला आम्हाला नेहमीपेक्षा फार जास्त दिवस लागले. त्या आजीला मी काय सांगणार होते? विकणारा खरा की खोटा हे तपासण्याची कोणतीही नोंदवही तिच्यासाठी, किंवा अंगणवाडी सेविकेसाठी, उपलब्ध नव्हती. नोंदवही अद्ययावत असणे, ती मराठीत शोधता येणे आणि तिच्यावरून तक्रार करता येणे, हे परिषदेचे पहिले काम आहे. अध्यक्ष बदलून गेल्यावर नवे कार्यालय मांडत वर्ष घालवले आणि नोंदवही जुनीच राहिली, तर तो बदल आपल्याला महागात पडला असे मी म्हणेन.

आपल्याकडचे जेवण ओळखणारा माणूस परिषदेत असण्याचाही फरक पडतो. नीतिसंहिता लिहिताना किंवा परीक्षेचे प्रश्न काढताना ओट्स आणि किनवा येतात. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि मोहफूल येत नाहीत. लाखोळीची (खेसारीची) डाळ खावी की नाही, याचे पूर्व विदर्भातील आहारतज्ज्ञाला रोज उत्तर द्यावे लागते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला सरसकट लोहाच्या गोळ्या सुचवू नयेत, हे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत काम करणारीला पहिल्याच महिन्यात कळलेले असते. ही माहिती पुस्तकांतही आहे, पण ती परीक्षेत विचारायची की नाही हे ठरवणाऱ्या खुर्चीवर कोण बसले आहे, यावर पुढच्या मुलींचे शिक्षण अवलंबून राहते.

तुमच्या बहिणीबद्दल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या (इग्नू) आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमांनी खेड्यातल्या किती तरी विवाहित मुलींना या व्यवसायात आणले, त्यांचे ऋण मी मानते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणाऱ्या आरोग्यसेवा अभ्यासक्रमांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत आणि त्यांत अन्न व पोषणशास्त्र तसेच क्लिनिकल न्यूट्रिशन व डाएटेटिक्स हे विषय आहेत. त्याच वर्षी राष्ट्रीय आयोगाने आहारशास्त्रासह दहा व्यवसायांचे देशभर एकसमान अभ्यासक्रमही पुढे आणले. प्रत्यक्ष रुग्णाजवळ शिकल्याशिवाय आहारतज्ज्ञ होऊ नये, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र ज्या तालुक्यांत नियमित महाविद्यालयच नाही, तिथल्या मुलींसाठी पर्यायी वाट आखल्याशिवाय दार बंद झाले, याचे मला दुःख आहे, आणि राज्य परिषदेपुढे मांडायचा हा विदर्भाचा पहिला विषय असावा.

तोवर बहिणीला सांगा की कोणी ‘दूरस्थ एम.एस्सी.ला अजून प्रवेश चालू आहे’ म्हणून पैसे मागितले, तर भरू नये. नागपूर किंवा अमरावतीतील नियमित अभ्यासक्रम पाहावा, वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची चौकशी जूनच्या आधी करावी आणि प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: अभ्यासक्रमाचे एकूण तास किती, आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात. तुमच्या स्मरणपत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठवा. तारखा आणि जोडपत्रांची यादी मी पाहून देते.